हिरव्या शाईचे ठिपके

१

फिदेन्सियो माल्पिका बुधवारी सकाळी सापडला. मांदिंगाच्या खाडीत, तिवरांच्या मुळांत अडकलेला. सोमवारी दुपारी तो कामावरून निघाला होता आणि घरी पोचलाच नव्हता. रेडिओवर त्याचं नाव सांगितलं, वय एक्कावन्न सांगितलं, बंदराच्या वजनकाट्यावर कारकून होता असं सांगितलं, आणि लगेच साबणाची जाहिरात लागली.

मी प्रूफ वाचत होते. वाचतच राहिले. पानाच्या तळाशी पोचल्यावर कळलं की एक शब्दही डोक्यात शिरलेला नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

ते नाव मला आधीपासून ठाऊक होतं. अख्ख्या वेराक्रुझ शहरात ते फक्त दोघींना ठाऊक असायला हवं होतं. एक मी, कासिल्दा ओचोआ, ‘ला बोया’ साप्ताहिकाची संपादक. दुसरी आमची वार्ताहर इत्सेल चासारो, वय सव्वीस. पायात सदा धुळीचे बूट, आणि लिहिण्याचा हात असा की मला मनातल्या मनात हेवा वाटायचा.

शनिवारच्या अंकात इत्सेलचा लेख होता. एका वाहतूक कंपनीचे ट्रक बंदरात शिरतात तेव्हा कागदावर वीस टन माल असतो आणि गाडीत तीस. मधल्या दहा टनांत काय असतं, हे विचारायची हिंमत कुणाची नाही. हे सगळं तिला काट्यावरच्या एका कारकुनाने सांगितलं होतं. बंदराला तीन फाटकं, प्रत्येक फाटकावर तीन पाळ्या, म्हणजे नऊ कारकून. त्यांतला एक. लेखात नाव नव्हतं, फाटक नव्हतं, पाळी नव्हती, वयसुद्धा नव्हतं. ते सगळं मी स्वतः निपटून काढलं होतं.

शनिवारी सकाळी मी मोठ्या चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसले होते. चमच्याने पेला वाजवला की दुधाची किटली घेऊन येणारा म्हातारा वेटर त्या दिवशी नुसताच आला, हातात अंक.

“बाई, ते वाक्य! दोनदा वाचलं मी. बायकोलाही वाचून दाखवलं.”

“कुठलं?”

त्याने मोठ्याने वाचलं. “‘पहिला ट्रक येण्याआधी हा माणूस रोज साठ टनांच्या काट्यावर स्वतः उभा राहतो. काटा हलत नाही. मग तो खाली उतरतो आणि दिवसभर इतरांची वजनं लिहितो.’ काय मुलगी लिहिते हो!”

मी हसले. ते वाक्य इत्सेलचं नव्हतं, माझं होतं. तिच्या पहिल्या खर्ड्यात माणूस म्हणजे नुसतं एक तोंड होतं, आकडे सांगणारं. मी समासात माझं नेहमीचं लिहिलं, “माणूस दिसत नाही.” ही माझी जुनी खोड आहे. मग ती बोलता बोलता म्हणाली, “तो काट्यावर उभा राहतो म्हणे, गंमत म्हणून,” आणि मी हिरव्या पेनाने ते तीन ओळींत बसवलं. संपादकाचं सुख एवढंच असतं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या नावाखाली लोकांना आवडतं आणि आपण गुपचूप कॉफी पितो.

तर बुधवारी रेडिओ बंद करून मी मालकांच्या खोलीत गेले. आमच्याकडे एक रीत होती. ज्याने गुप्तपणे माहिती दिली त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पाकिटात, पाकीट चिकटवून त्याच्या तोंडावर वार्ताहराची आणि माझी सही, आणि ते पाकीट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा मालकांच्या खणात. प्रकरण कोर्टात गेलं तरच उघडायचं. दुसरी रीत त्याहून कडक होती. त्या चिठ्ठीखेरीज खबर देणाऱ्याबद्दल प्रुफांवर, कागदांवर, कुठेही एक अक्षर लिहायचं नाही.

खणाची किल्ली दारामागे खिळ्याला असते. मी डबा उघडला. पाकीट वरच होतं. आमच्या दोघींच्या सह्यांच्या बरोबर मधून ते कापलेलं होतं.

२

त्या पाकिटापर्यंत हात पोचू शकेल अशी इत्सेल आणि मी सोडून दोनच माणसं होती.

पहिले मालक, आबुंदियो लागुनेस. अडुसष्ट वर्षांचे, तोंडात सदैव चिरूट. कचेरीभर त्याची राख सांडलेली असते. माझ्या टेबलावर, प्रुफांवर, कॉफीत. त्या पाकिटातल्या चिठ्ठीवरही राखेचा एक कण होता, पण राखेकडे बघायची सवयच आमची सुटलेली. मालकांना विचारायला गेले तर ते राज्याच्या राजधानीला, शालापाला, निघालेले. “सरकारी वकिलाच्या दारात बसतो जाऊन,” म्हणाले, “इथे कोण दाद घेणार आहे! इत्सेलला आल्वारादोला तिच्या मावशीकडे पाठवलंय. तू कचेरी सांभाळ, कासिल्दा.” पाकिटाचं विचारायच्या आत गाडी सुटलीसुद्धा.

इत्सेलशी फोनवर बोलले. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“माझ्यामुळे झालं, बाई.”

“वेड्यासारखं बोलू नकोस. तू कुणाला नाव सांगितलंस?”

“नाही.”

“त्याला फोन केलास कधी?”

“नाही. देवळात भेटायचो. वेगवेगळ्या बाकांवर बसून. शेवटचा गुरुवारी दुपारी भेटला.” मग एकदम म्हणाली, “माझ्यामुळेच झालं म्हणा ना. काय बिघडतं?”

मला वाटलं, धक्का बसलाय पोरीला.

दुसरा निकानोर उस्कांगा. पानं लावायचा. मजकुराच्या पट्ट्या कापून, मेण लावून पानावर चिकटवायच्या, हे काम तो बारा वर्षं करत होता. वाकडी पट्टी त्याच्या हातून कधी गेली नाही. पण त्याच्या बहिणीचा नवरा चेमा त्याच वाहतूक कंपनीत ट्रक चालवायचा. आणि निकानोरची कापायची पाती कचेरीत सगळ्यांत धारदार.

“मागच्या गुरुवारी, अंक बंद करताना, मालकांच्या खोलीत गेला होतास?” मी विचारलं.

“गेलो होतो की. चिकटपट्टी त्यांच्या खणात असते.”

“खण उघडलास?”

“न उघडता चिकटपट्टी कशी काढू, बाई? जादू करू?”

“डब्याला हात लावलास?”

त्याने पातं खाली ठेवलं. “मी लेख वाचतसुद्धा नाही. तुमची काट बघतो, तुमचे ठिपके बघतो, त्याप्रमाणे चिकटवतो. खोडलेल्याखाली तुम्ही ठिपके दिलेत की ते परत लावायचं, एवढंच मला कळतं. त्या गुरुवारी तर काढलेलं पुन्हा लावायला लावलंत, सगळा रकाना खाली सरकवला मी. तेव्हा मी काही बोललो?”

“मी डब्याचं विचारतेय.”

“आणि मी सांगतोय की हात लावला नाही.”

उत्तर सरळ होतं. मला सरळ उत्तर नको होतं. मला माणूस हवा होता.

३

फिदेन्सियोला बायकामुलं नव्हती. बहीण होती, ओब्दुलिया, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसायच्या तिला. शुक्रवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. फरशीवर गेलेल्यासाठी चुन्याचा क्रूस काढलेला, नऊ दिवस ठेवायचा, उशाला त्याची टोपी. उत्तरेचा वारा सुटला होता आणि दाराच्या फटीतून येणारी वाळू त्या क्रूसावर बसत होती. एक शेजारीण हाताने ती निपटत होती.

मी कोण ते सांगितलं. ओब्दुलियाताईंनी माझा हात चाचपून धरला.

“पेपरवाली. म्हणजे तुम्हीच छापलंत ते.”

“हो. पण नाव नव्हतं छापलं, ताई. शपथेवर सांगते.”

“मग त्यांना कसं कळलं?”

“शनिवारी ते घरी आले तेव्हा काही बोलले का?”

“आला, हात धुतले, जेवायला बसला नाही. भात आणि काळे घेवडे केले होते, त्याला आवडायचे. म्हणाला, ‘ओळखलं त्यांनी मला.’ मी म्हटलं, सुट्टी घे. म्हणाला, सुट्टी घेतली तर कबूल केल्यासारखं होईल.” त्यांनी माझा हात सोडला. “सोमवारी मीच डबा भरून दिला हो त्याला.”

मला तिथे बसवेना. लाज वाटत होती, आणि लाजेचं कारण अजून कळलेलं नव्हतं.

“मी शोधून काढीन,” मी म्हटलं. “ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव शोधीन.”

“नुसतं शोधू नका. छापा. माझ्या भावाचं नाव रेडिओवर सांगितलं ना, तसं त्याचंही नाव लोकांना कळू दे. मारणाऱ्यांची नावं कुणी छापणार नाही, तेवढं मला कळतं. पण ज्याने दाखवून दिलं त्याचं तरी छापा.”

“छापीन.”

“वचन द्या.”

मी वचन दिलं. परत येताना डोक्यात हिशेब पक्का बसला. शनिवारी दुपारी फिदेन्सियोला कळलं की आपल्याला ओळखलंय. म्हणजे नाव शनिवारच्या आत फुटलं. निकानोर खणाशी गेला गुरुवारी. मेव्हणा कंपनीत. पाकीट धारदार पात्याने कापलेलं. आणखी काय हवं?

दुपारी कचेरीत, छापखान्याच्या सगळ्या लोकांसमोर, मी निकानोरला निघून जायला सांगितलं.

त्याने ओरडाआरडा केला नाही. आपली पाती एकेक पुसून कापडात गुंडाळली. “बारा वर्षं, बाई,” एवढंच म्हणाला, आणि दारातून वळून, “हे तुम्हाला पुरून उरेल.”

४

सोमवारी सकाळी कचेरीच्या दारात एक ट्रक थांबला, अर्धा रस्ता अडवून. त्यातून आडव्या अंगाचा एक माणूस उतरला, थेट माझ्या टेबलापाशी आला, आणि मुठी टेकवून उभा राहिला.

“मी चेमा. निकानोरचा मेव्हणा. खुनी म्हणे आम्ही!”

“बसा.”

“बसायला आलो नाही. दोन वर्षं झाली, निकानोर माझ्याशी बोलत नाही. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला भर मांडवात मला म्हणाला, तुझ्या ट्रकमध्ये काय असतं ते देवाला तरी सांग. तेव्हापासून माझ्या घराची पायरी चढलेला नाही. आणि तो मला चुगली करणार?”

“मग शनिवारच्या आत फिदेन्सियोचं नाव कुणी दिलं?”

चेमा माझ्याकडे बघतच राहिला. एखाद्या खुळीकडे बघावं तसा. “शनिवारच्या आत? अहो, शुक्रवारी कुणाला काही ठाऊक नव्हतं! शनिवारी सकाळी तुमचा अंक आला. रांगेत पंचवीस-तीस गाड्या उभ्या होत्या. एकाने वाचला, दुसऱ्याला दिला. सगळे हसत होते. मीही हसलो. बारा वाजेपर्यंत तिन्ही फाटकांवर बोभाटा.”

“हसत होते?”

“हो, हसत होते. फिदे होताच तसा.” त्याचा आवाज उतरला. “आणि आता मला विचारू नका कोण हसलं नाही. मला दोन पोरी आहेत.”

तो गेला. थोड्या वेळाने मालक आले, राजधानीहून, अंगावर तेच कपडे. सरकारी वकिलाने पाच दिवस ताटकळत ठेवलं आणि भेटायला नकार दिला होता. निकानोरची रिकामी खुर्ची बघून त्यांनी विचारलं, तो कुठाय. मी सांगितलं. पाकिटाचंही सांगितलं.

त्यांनी तोंडातला चिरूट काढला. “पाकीट मी कापलं, कासिल्दा.”

“तुम्ही?”

“मंगळवारी. रेडिओवर नाव घेऊन सांगत होते, काट्यावरचा एक कारकून बेपत्ता आहे. मला राहवेना. आपलाच आहे का, तेवढंच बघितलं. मग लाज वाटली, म्हणून तसंच ठेवून दिलं.” चिरुटाची राख माझ्या प्रुफांवर पडत होती. तीच राख, जी मी चिठ्ठीवर पाहिली होती आणि झटकून टाकली होती.

म्हणजे निकानोर निर्दोष. पाकीट मंगळवारपर्यंत बंद. नाव कुणीच फोडलं नव्हतं. शनिवारी फाटकावर जे पोचलं ते फक्त छापील पान होतं.

मी अंक काढला. लेख पाच वेळा वाचला. पेन घेऊन, ओळीखाली पट्टी धरून. नाव नाही. फाटक नाही. पाळी नाही. दर वेळी तेच. आणि दर वेळी एकच प्रश्न अडून बसत होता. ट्रकवाल्यांच्याच लबाडीचा तो लेख, त्यात त्यांनी हसण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी निकानोरच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला बघितलं, आणि लावून घेतलं. दारापाशी पाच-दहा मिनिटं थांबून मी परत फिरले.

५

फिदेन्सियोसाठीच्या प्रार्थनांचा नववा दिवस गुरुवारी आला. सकाळी अकराची प्रार्थना, मग चुन्याचा क्रूस उचलायचा. आल्वारादोहून इत्सेल आली होती. नऊ दिवसांत तिचा चेहरा निम्मा झाला होता.

खोलीत शेजारपाजार दाटीवाटीने बसलेला. दोन कोळी, मच्छी बाजारातल्या बायका, काट्यावरचे दोन जुने कारकून टोप्या हातात धरून. प्रार्थना झाली. चुना गोळा करून कापडात बांधला. कॉफी फिरली, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल फिरले.

ओब्दुलियाताई म्हणाल्या, “तो लेख वाचा कुणीतरी. त्याच्यापायी गेला, आणि मी तो ऐकलासुद्धा नाही. इत्सेल, तू वाच.”

“नको, ताई,” इत्सेल म्हणाली.

“का गं?”

“बाई वाचतील. त्यांचा आवाज चांगला आहे.”

“तू लिहिलंस, तू वाच.”

इत्सेलने अंक उघडला. सपाट आवाजात वाचू लागली. वीस टन, तीस टन. सह्या. शिक्के. मी डोळे मिटून ऐकत होते. लेख मला पाठ होता. माझ्या हातून गेलेला प्रत्येक लेख पाठ असतो, छापून झाला तरी कान चुका शोधत राहतात.

“‘...रोज शंभरावर गाड्या त्याच्या खिडकीखालून जातात. त्याने पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला तेव्हा...’”

“एक वाक्य राहिलं,” मी म्हटलं.

इत्सेलने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. तिने हलकेच मान हलवली, नको म्हणून. मला वाटलं, तिला ओळ सापडत नाही. आणि मी, एकोणतीस वर्षं लोकांच्या सुटलेल्या ओळी भरून देणारी मी, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं.

“‘पहिला ट्रक येण्याआधी हा माणूस रोज साठ टनांच्या काट्यावर स्वतः उभा राहतो. काटा हलत नाही. मग तो...’”

“फिदे!” बाजारातली एक बाई म्हणाली.

“हा तर आपला फिदेच!” कोळी म्हणाला, आणि हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

एक म्हातारा कारकून टोपी चुरगाळत म्हणाला, “रोजचं होतं त्याचं. काटा जुना, शंभर किलोच्या खाली ढिम्म हलत नाही. हा उभा राहायचा आणि रांगेतल्या ड्रायव्हरांना ओरडून सांगायचा, बघा रे, आज पण माझं वजन शून्य! सगळं बंदर हसायचं. दुसरा कोण करणार असलं?”

सगळी खोली बोलू लागली. ज्याला त्याला आठवत होतं. फिदे काट्यावर, फिदे पावसात काट्यावर, फिदे नाताळला काट्यावर आणि हातात बाटली. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या घरात हसू आलं.

मी हातातली कॉफी घट्ट धरून बसले होते. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं होतं. ज्याच्यावरून ओळख पटेल असं सगळं मी त्या लेखातून निपटून काढलं, आणि ओळख मात्र स्वतःच्या हाताने घालून ठेवली. मला वाटलं होतं, काट्यावर उभं राहणं ही एका एकट्या माणसाची गुपचूप सवय असेल. समोर पंचवीस गाड्या रांगेत उभ्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या फाटकावर कधी गेलेच नव्हते.

ओब्दुलियाताईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. “हुबेहूब आहे. कुणी लिहिलं हे?”

“मी,” इत्सेल पटकन म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं. “मी लिहिलं.”

त्यांनी चाचपत माझा गुडघा शोधला, त्यावर हात ठेवला. “देव तुमचं भलं करो, बाई. जणू रोज बघत होतात त्याला.”

“मी त्यांना कधी पाहिलं नाही, ताई.” मी म्हटलं. “याच वाक्यावरून त्यांनी ओळखलं. आणखी कुणी काही सांगितलं नाही. या वाक्याने सांगितलं.”

ओब्दुलियाताईंनी हात काढून घेतला. त्या उठल्या, माझ्या हातातली भरलेली कॉफी काढून घेतली, आणि भिंतीच्या आधाराने आत निघून गेल्या.

६

गुरुवार हा आमचा अंक बंद करायचा दिवस. चार वाजता पानं छापायला जायची. आम्ही दोघी बंदराच्या रस्त्याने कचेरीपर्यंत चालत आलो.

माझ्या टेबलाशेजारी लाकडी ठोकळ्यावर एक लांब खिळा आहे. वाचून झालेली प्रुफं त्यात टोचून ठेवायची, महिनाभर. मी खिळ्यावरचे कागद काढू लागले.

“बाई, राहू द्या ना,” इत्सेल म्हणाली.

“मघाशी तू ते वाक्य का वगळलंस?”

मला मागच्या गुरुवारचा कागद सापडला. तो नव्हे, त्याच्या मागचा. तिच्या लेखाचं शेवटचं प्रूफ. त्या तीन ओळींवर पेन्सिलीची काट होती. सरळ, ठाम, इत्सेलच्या हातची. आणि त्या काटेखाली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हिरव्या शाईचे ठिपके.

खोडलेलं परत हवं असेल तर ठिपके द्यायचे. राहू द्या, असा त्याचा अर्थ. गुरुवारी मी शेकडो ठिकाणी ठिपके देते. हे दिलेले मला आठवतही नव्हते. पण दिले का असतील ते अगदी स्वच्छ समजलं. तरुण लेखक आपलं सगळ्यांत चांगलं वाक्य घाबरून खोडतात, हा माझा लाडका सिद्धांत होता.

निकानोरने सांगितलं होतं मला. काढलेलं पुन्हा लावायला लावलंत, म्हणाला होता. माझं सगळं लक्ष डब्याकडे होतं.

“गुरुवारी दुपारी त्याने देवळात मला सांगितलं,” इत्सेल म्हणाली. “मी खर्डा तोंडी ऐकवला त्याला. तर म्हणाला, पोरी, ते काट्यावरचं काढ, मला सगळे बघतात. मी पळत आले आणि खोडलं. तुम्ही छापखान्यात होता. कारण लिहिता येईना. खबर देणाऱ्याबद्दल कागदावर अक्षर लिहायचं नाही, ही तुमचीच रीत. मला वाटलं, काट मारलीय ना, पुरे. शनिवारी अंक उघडला आणि...”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगून काय झालं असतं? तो परत आला असता? मला वाटलं, दोघींतल्या एकीला तरी काम करता यायला हवं.” मग ती रडली, नऊ दिवसांचं एकदम. “निकानोरचं मला आज कळलं, बाई. ते आधी कळलं असतं तर बोलले असते.”

मी तिला जवळ घेतलं नाही. तेवढा हक्क मला राहिलेला नव्हता. एका माणसाने जीव वाचवायला तीन ओळी काढायला सांगितल्या, एका मुलीने त्या काढल्या, आणि मी त्या सुंदर होत्या म्हणून परत घातल्या. एवढंच ते सारं रहस्य होतं.

ट्रक अजून जात आहेत. शनिवारपासून त्या खिडकीत नवा कारकून आहे, आणि तो कुणाशी बोलत नाही. सरकारी वकिलाने फाईल बंद करायला घेतलीय असं मालक म्हणाले. तेवढं सगळं होऊनही अंक चारला बंद व्हायचा होता, आणि मी वचन दिलं होतं.

मी टंकयंत्रावर दोन वाक्यं लिहिली. पहिल्या पानाच्या तळाशी, चौकटीत.

“फिदेन्सियो माल्पिका यांची ओळख पटवणारं वाक्य वार्ताहराने खोडलेलं असताना या साप्ताहिकाच्या संपादक कासिल्दा ओचोआ यांनी ते परत घातलं. आमचे सहकारी निकानोर उस्कांगा यांचा त्यात काहीही दोष नव्हता आणि त्यांना घालवणं हा अन्याय होता.”

मजकूर जुळवून प्रूफ आलं. मालकांनी ते उभ्यानेच वाचलं, खिशातून पेन काढलं, आणि पहिलं वाक्य आडवं खोडून टाकलं.

“निकानोरचं छापू. हे नको,” ते म्हणाले. “कंपनीचे वकील भिंतीवर लावतील हे. म्हणतील, पेपरानेच मारलं. मारलं त्यांनी, कासिल्दा. तू नाही.”

“मी वचन दिलंय.”

“त्या बिचारीला वाचता येत नाही.”

“शेजारी वाचून दाखवतील.”

“जन्मभर कुणी तुझ्या हातात कागद देणार नाही.”

“नका देऊ.”

त्यांनी प्रूफ माझ्या टेबलावर ठेवलं आणि डोळे चोळत खिडकीपाशी गेले. निकानोरच्या खुर्चीत इत्सेल बसली होती, मेणाचं भांडं पुढ्यात घेऊन, पान लावायला. चारला दहा मिनिटं होती. मी हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या खोडलेल्या नावाखाली एकेक करून ठिपके दिले.